औषधांच्या डब्यातून पेशी कशी शिकायची: शुगरच्या गोळ्या आणि अँटिबायोटिक एकाच चार्टवर

अकरावीचा पेशीचा धडा बहुतेकांचा कसा होतो, तर एक मोठा गोल काढायचा, आत केंद्रक, इकडे तिकडे मायटोकॉन्ड्रिया, रायबोझोमचे ठिपके, बाण मारून नावं लिहायची, "पेशीचं ऊर्जाकेंद्र" एवढं एक वाक्य पाठ करायचं आणि पेपर झाला की विसरून जायचं. आणि त्याच घरात फ्रिजवर नाहीतर कपाटाच्या वरच्या खणात एक डबा असतो ज्यात बाबांची मेटफॉर्मिन, आजीची ग्लिमेपिराइड, कुणाच्या तरी मागच्या खोकल्यातली उरलेली अझिथ्रोमायसिन अशी पाकिटं कोंबलेली असतात. त्यातलं जवळपास प्रत्येक औषध त्या पाठ केलेल्या चित्रातल्या एका ठरलेल्या जागी जाऊन बसतं. कुठला भाग काय काम करतो हे घोकून जितकं लक्षात राहत नाही तितकं "हा भाग बंद पाडला तर काय होतं" यावरून राहतं, आणि औषधं बऱ्याचदा तेच तर करतात, काहीतरी बंद पाडतात. म्हणून माझ्याकडे शिकायला येणाऱ्या मुलांना मी हल्ली पुस्तक नंतर उघडायला सांगते, आधी डबा.

हे अकरावी-बारावी, नर्सिंग, डी.फार्म, बीएस्सी पहिलं वर्ष यांच्यासाठी आहेच, पण घरात कुणाला शुगर असेल आणि डॉक्टरांनी जे लिहिलंय ते आत जाऊन करतं काय असा प्रश्न पडत असेल तर त्यांनाही चालेल. आयसीएमआरचा जो मोठा अभ्यास २०२३ मधे छापून आला त्यात भारतातल्या मधुमेहींचा अंदाज सुमारे १० कोटी १० लाख आहे, त्यामुळे असा डबा शोधायला लांब जावं लागणार नाही.

तयारी

एक चार्टपेपर, दोन-तीन रंगांची स्केचपेनं, पट्टी, आणि डबा. पाकिटांवर ब्रँडचं मोठं नाव असतं ते सोडून द्या, "ईच फिल्म कोटेड टॅब्लेट कंटेन्स" असं बारीक अक्षरात लिहिलेलं असतं त्याच्या पुढचं नाव उतरवून घ्या, तेच खरं औषध. पाकिटावर डाव्या कडेने उभी लाल रेघ दिसली तर ते डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय घ्यायचं नाही, २०१६ मधे केंद्र सरकारने या लाल रेघेची मोहीमच काढली होती आणि ती खास अँटिबायोटिकसाठी होती. गोळ्या बाहेर काढायच्या नाहीत, चार्टवर ठेवलेली पाकिटं नंतर डब्यात जिथल्या तिथेच परत ठेवायची (आजीची सकाळची गोळी रात्रीच्या कप्प्यात गेली तर अभ्यास राहील बाजूलाच), आणि हे वाचून कुणाचा डोस कमी-जास्त करायचा नाही. आपण फक्त शिकतोय.

प्रत्येक पाकिटाला तीनच प्रश्न विचारायचे. हे कुठल्या पेशीत काम करतं? त्या पेशीत नेमकं कुठे? आणि बाकीच्या पेशींना त्याचा त्रास का होत नाही? पहिले दोन प्रश्न गुगल सांगेल, तिसरा स्वतः डोकं लावून सोडवायचा, कारण सगळी सेल बायोलॉजी त्या तिसऱ्या प्रश्नात आहे.

चार्ट काढताना माप धरा

पुस्तकातल्या चित्रांचा सगळ्यात मोठा घोळ हा की बॅक्टेरियाची पेशी आणि आपली पेशी दोन्ही एकाच मापाच्या छापलेल्या असतात. तुम्ही १ मायक्रॉनला (मिलिमीटरचा हजारावा भाग) १ सेंटिमीटर धरा. मग ई. कोलाय हा आपल्या आतड्यातला बॅक्टेरिया जेमतेम २ सेंटिमीटर लांब आणि १ सेंटिमीटर रुंद येतो, लाल रक्तपेशी ७-८ सेंटिमीटरची चकती, आणि स्वादुपिंडातली इन्सुलिन बनवणारी बीटा पेशी साधारण १० ते १५ सेंटिमीटर. स्नायूची पेशी सेंटिमीटरांमधे लांब असते त्यामुळे ती या मापात काढायचा प्रयत्नच करू नका, कागदाच्या कडेला तिचं पटल (पेशीचं बाहेरचं पातळ आवरण) म्हणून एक आडवी पट्टी काढा, तेवढी पुरे.

बॅक्टेरियात काय दाखवायचं: बाहेर भिंत, आत पटल, मधे केंद्रक नसलेला मोकळा डीएनए, सत्राशेसाठ ठिपके म्हणजे प्रथिनं बनवणारे रायबोझोम, आणि एखादं छोटं गोल प्लाझमिड (मुख्य डीएनएपासून वेगळा असलेला डीएनएचा तुकडा). बीटा पेशीत: भिंत नाही फक्त पटल, केंद्रक, त्याला लागून आंतर्द्रव्यजालिका (प्रथिनं बनवून त्यांची घडी घालायची जागा), मग गॉल्जी (ती पिशव्यांत भरायची जागा), मायटोकॉन्ड्रिया म्हणजे मराठी मीडियमवाल्यांची तंतुकणिका, आणि पटलाच्या आतल्या बाजूला जमलेल्या बारीक पिशव्या. लाल रक्तपेशीत काहीच नाही, केंद्रक नाही, मायटोकॉन्ड्रिया नाहीत, फक्त हिमोग्लोबिन, आणि ती रिकामी चकती पुढे खूप कामाला येणार आहे.

शाळा-कॉलेजच्या लॅबमधे मायक्रोस्कोप मिळत असेल तर एक गोष्ट जरूर करा. सकाळी दात घासायच्या आधी इअरबडने गालाची आतली बाजू हलकेच घासा, काचपट्टीवर पाण्याच्या थेंबात फिरवा, मिथिलीन ब्लूचा एक थेंब टाका, मिनिटभर थांबा, कव्हरस्लिप तिरकी टेकवत सोडा म्हणजे बुडबुडे येत नाहीत, कडेचा रंग टिश्यूने टिपा. आधी १० च्या लेन्सवर शोधा मग ४० वर जा. फिकट निळी पसरट वेडीवाकडी पेशी दिसेल, मधे गडद निळं केंद्रक. आता तिच्या अंगावर नीट बघा, फोकस किंचित वर-खाली करत, अगदी बारीक गडद ठिपके आणि त्यांच्या छोट्या माळा दिसतील. ते घाण नाही, ते तोंडातले बॅक्टेरिया. एकाच नजरेत माणसाची पेशी आणि बॅक्टेरियाची पेशी, दोन्ही आपापल्या खऱ्या मापात. गालाची पेशी ५०-६० मायक्रॉनची, आपल्या चार्टवर ती अर्धा मीटर झाली असती. अँटिबायोटिकने करायचं काय असतं तर हे ठिपके मारायचे आणि खालची पेशी शाबूत ठेवायची. ते कसं जमतं हाच पुढचा धडा.

पहिलं पाकीट: ६२५

मेडिकलवाले ज्याला नुसतं "सहाशेपंचवीस" म्हणतात त्याच्यापासून सुरू करा. यात ५०० मिलिग्रॅम अमॉक्सिसिलिन आणि १२५ मिलिग्रॅम क्लॅव्ह्युलॅनिक अ‍ॅसिड असतं. अमॉक्सिसिलिन पेनिसिलिनच्याच घराण्यातलं, जे अलेक्झांडर फ्लेमिंगला १९२८ मधे लंडनच्या सेंट मेरीज हॉस्पिटलमधे बुरशी लागलेल्या प्लेटवर सापडलं, आणि जे आपल्याकडे पिंपरीच्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्समधे १९५५ पासून बनायला लागलं, युनिसेफ आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या मदतीने.

ते बसतं कुठे तर बॅक्टेरियाच्या भिंतीवर, पण तयार भिंतीवर नाही, बनत्या भिंतीवर. भिंत म्हणजे साखरेच्या लांब साखळ्या आणि त्यांना आडवे जोडणारे प्रथिनांचे छोटे तुकडे, आणि हे आडवे टाके घालायला बॅक्टेरियाकडे एक एन्झाइम असतं. पेनिसिलिनमधे चार कोनांचं एक ताणलेलं कडं असतं, बीटा-लॅक्टम, ते या एन्झाइमला जाऊन कायमचं चिकटतं. टाके पडायचे थांबतात, बॅक्टेरिया वाढतच असतो, आतला दाब जास्त, बाहेरून पाणी आत येत राहतं आणि तो फुटतो. म्हणूनच वाढणाऱ्या, विभागणाऱ्या बॅक्टेरियावर ते चांगलं चालतं आणि नुसत्या निपचित पडलेल्यावर फारसं नाही. चांगलं खायला-प्यायला मिळालं तर लॅबमधे ई. कोलाय दर २० मिनिटांनी दुप्पट होतो, त्यामुळे वाढणारे भरपूर असतात.

तिसरा प्रश्न, आपल्या पेशींना का नाही? कारण आपल्याला भिंतच नाही. इतकं सोपं. (अ‍ॅलर्जी होते ती वेगळी भानगड, ती आपल्या इम्युनिटीची.) आणि याच उत्तरातून आणखी एक उत्तर फुकट मिळतं, मायकोप्लाझ्मा नावाच्या बॅक्टेरियाला मुळातच भिंत नसते म्हणून त्याच्या न्यूमोनियाला अमॉक्सिसिलिन देऊन काही होत नाही, डॉक्टर अझिथ्रो किंवा डॉक्सी (डॉक्सिसायक्लिन) लिहितात.

मग ते १२५ मिलिग्रॅम कशाला? काही बॅक्टेरिया बीटा-लॅक्टमेज नावाचं एन्झाइम बनवतात जे ते चार कोनांचं कडं तोडून टाकतं. क्लॅव्ह्युलॅनिक अ‍ॅसिड स्वतः बॅक्टेरियाला फारसं मारत नाही, ते त्या तोडणाऱ्या एन्झाइमला अडकवून ठेवतं. आणि हे तोडणारं एन्झाइम बनवायचा जीन बऱ्याचदा त्या छोट्या गोल प्लाझमिडवर असतो, ते प्लाझमिड एक बॅक्टेरिया दुसऱ्याला देऊ शकतो, वेगळ्या जातीच्या बॅक्टेरियालासुद्धा. म्हणून सर्दीसाठी घेतलेल्या अँटिबायोटिकने आतड्यातल्या निरुपद्रवी बॅक्टेरियात वाढलेला रेझिस्टन्स (औषधाला न जुमानण्याची ताकद) उद्या लघवीच्या इन्फेक्शनवाल्या बॅक्टेरियाकडे जाऊ शकतो. चार्टवर प्लाझमिड लाल रंगाने काढा, त्याच्याकडे परत यायचंय.

रायबोझोमवाली पाकिटं

अझिथ्रोमायसिन, डॉक्सिसायक्लिन, इंजेक्शनमधलं जेंटामायसिन, अमिकासिन, ही सगळी एकाच खात्यात. बॅक्टेरियाचा रायबोझोम ७०एस असतो, त्याचे दोन भाग ५०एस आणि ३०एस. आपला ८०एस, ६०एस आणि ४०एस. बेरीज जमत नाही म्हणून दरवर्षी कुणीतरी विचारतंच, तर एस हे वजन नाही, सेंट्रीफ्यूजमधे फिरवल्यावर तो किती वेगाने खाली बसतो त्याचं माप आहे आणि ते आकारावरही अवलंबून असतं, म्हणून बेरीज करायचीच नसते. अझिथ्रो ५०एसवर बसतं आणि तयार होणाऱ्या प्रथिनाची बाहेर पडायची वाट अडवतं, डॉक्सी ३०एसवर बसतं आणि पुढचं अमिनो आम्ल आत येऊ देत नाही. आपल्या रायबोझोममधे त्या जागेची घडण वेगळी म्हणून ते तिथे नीट बसत नाही.

पण इथे एक मेख आहे. आपल्या मायटोकॉन्ड्रियाला स्वतःचा गोल डीएनए आहे आणि स्वतःचे रायबोझोम आहेत, आणि ते बॅक्टेरियाच्या रायबोझोमशी बऱ्यापैकी मिळतेजुळते आहेत, कारण मायटोकॉन्ड्रिया हे मुळात दुसऱ्या पेशीत राहायला आलेल्या बॅक्टेरियाचे वंशज. पुस्तकात हा एक मार्काचा सिद्धांत म्हणून येतो, वॉर्डमधे मात्र तो खरोखर दिसतो. लिनेझोलिड हे ५०एसवर बसणारं औषध औषधांना न जुमानणाऱ्या टीबीत महिनोन्महिने द्यावं लागतं, तेव्हा रक्तातल्या पेशी कमी होणं, हातापायाला मुंग्या, रक्तात लॅक्टिक अ‍ॅसिड वाढणं हे त्रास होतात, कारण आपल्याच मायटोकॉन्ड्रियाची प्रथिनं बनायची कमी झालेली असतात. आणि काही घराण्यांत आईकडून आलेला मायटोकॉन्ड्रियाच्या डीएनएमधला एका अक्षराचा बदल असतो ज्यामुळे त्यांचा तो रायबोझोम बॅक्टेरियासारखा आणखीनच दिसायला लागतो, अशांना जेंटामायसिनच्या नेहमीच्या डोसनेही बहिरेपण येऊ शकतं. आईकडून का? कारण बीजांडातले मायटोकॉन्ड्रियाच पुढे जातात. बघा, एका इंजेक्शनवरून आनुवंशिकतेचा धडाही झाला.

सिप्रोफ्लॉक्सासिन, लिव्होफ्लॉक्सासिन, ओफ्लॉक्सासिन ही पाकिटं डीएनएवर ठेवा, बॅक्टेरियाच्या डीएनएचा पीळ सोडवणारं जे गायरेज एन्झाइम असतं ते ही अडवतात. सल्फा म्हणजे को-ट्रायमोक्साझोल हे फॉलिक अ‍ॅसिड बनवायच्या टप्प्यावर, आपण फॉलिक अ‍ॅसिड पालेभाजीतून खातो, बॅक्टेरियाला ते घरी बनवावं लागतं, म्हणून त्याची अडचण होते आपली नाही. व्हायरससाठी मात्र चार्टवर यातलं कुठलंच पाकीट ठेवता येणार नाही, त्याला ना भिंत ना रायबोझोम. सर्दी, फ्लू, डेंग्यू यांना अँटिबायोटिक का चालत नाही हे त्या रिकाम्या जागेकडे बघून समोरच्याला समजावता येतं, भाषण द्यावं लागत नाही.

आता बीटा पेशी, इथे सावकाश चला

स्वादुपिंडात सुमारे दहा लाख छोटी बेटं विखुरलेली असतात, पॉल लँगरहान्सने ती १८६९ मधे पाहिली. त्यातल्या बीटा पेशी इन्सुलिन बनवतात. आपल्या चार्टवर बोट ठेवून जा: केंद्रकात इन्सुलिनचा जीन, त्याची एमआरएनए प्रत बाहेर येते, आंतर्द्रव्यजालिकेवरच्या रायबोझोमवर लांब साखळी बनते, आत तिची घडी पडते आणि गंधकाचे टाके बसतात, गॉल्जीतून ती पिशवीत भरली जाते आणि पिशवीत तिचा मधला तुकडा कापला जातो. राहतात दोन साखळ्या, २१ आणि ३० अमिनो आम्लांच्या, एकूण ५१, ते इन्सुलिन. कापलेला मधला तुकडा म्हणजे सी-पेप्टाइड, आणि तो फेकला जात नाही, त्याच पिशवीत राहतो आणि इन्सुलिनबरोबरच रक्तात जातो, जितकी इन्सुलिनं तितकीच सी-पेप्टाइडं. आता लॅबच्या यादीतली सी-पेप्टाइडची टेस्ट कशासाठी असते ते सांगा. बाहेरून टोचलेल्या इन्सुलिनमधे सी-पेप्टाइड नसतं, त्यामुळे ज्याला इंजेक्शन चालू आहे त्याची स्वतःची बीटा पेशी किती काम करतेय हे त्या तुकड्यावरून कळतं. टाइप १ मधुमेहात आपल्याच टी पेशींनी (रोगाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी) बीटा पेशी मारलेल्या असतात, तिथे तो फार कमी येतो.

बनलं ते झालं, सोडायचं कधी? बीटा पेशीला साखर मोजायला वेगळं मीटर नाही, ती साखर जाळून बघते. जेवल्यावर ग्लुकोज आत येतं, त्याचं विघटन होतं, मायटोकॉन्ड्रियात एटीपी म्हणजे पेशीचं इंधन तयार होतं. एटीपी वाढलं की पटलावरचं एक पोटॅशियम चॅनल (पोटॅशियमला बाहेर जायची बारीक वाट) बंद होतं. पोटॅशियम बाहेर जायचं थांबलं की पटलाचा विद्युतभार बदलतो, त्याने कॅल्शियमची चॅनल उघडतात, कॅल्शियम आत घुसतं आणि काठाशी जमलेल्या पिशव्या पटलाला चिकटून फुटतात, इन्सुलिन बाहेर. ही साखळी दोन-तीनदा तोंडाने म्हणा, ग्लुकोज, एटीपी, पोटॅशियम बंद, कॅल्शियम आत, पिशवी बाहेर. "मायटोकॉन्ड्रिया म्हणजे ऊर्जाकेंद्र" या वाक्याला इथे पहिल्यांदा अर्थ येतो, इथे एटीपी हे इंधन कमी आणि निरोप जास्त आहे.

आता ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइडची पाकिटं उचला आणि थेट त्या पोटॅशियम चॅनलवर ठेवा. ही औषधं साखर असो नसो ते चॅनल बंद करतात, पुढचं सगळं आपोआप होतं. मग गोळी घेऊन जेवण टाळलं तर शुगर लो का होते, घाम, थरथर, डोकं गरगरणं का येतं, हे सांगायला पुस्तक लागणार नाही. (७० च्या खाली गेली तर शुद्धीत असलेल्या माणसाला तीन चमचे साखर पाण्यातून, १५ मिनिटांनी परत मोजायचं, हे घरातल्या सगळ्यांना माहीत हवं. बेशुद्ध असेल तर तोंडात काही घालायचं नाही, सरळ हॉस्पिटल.)

याच चॅनलची एक गोष्ट मला फार आवडते. काही बाळांना जन्मल्यापासून सहा महिन्यांच्या आतच मधुमेह होतो आणि वर्षानुवर्षं त्यांना टाइप १ समजून इन्सुलिन टोचलं जायचं. २००४ मधे कळलं की त्यातल्या बऱ्याच जणांच्या बीटा पेशी शाबूत असतात, फक्त त्या पोटॅशियम चॅनलच्या जीनमधे बिघाड असतो आणि ते एटीपी वाढलं तरी बंदच होत नाही. मग त्यांना ग्लिबेनक्लामाइडची गोळी देऊन पाहिली, चॅनल बंद झालं, आणि बहुतेक मुलांची इंजेक्शनं सुटली. म्हणून सहा महिन्यांच्या आत मधुमेह दिसला तर जीनची तपासणी करायला सांगतात.

स्नायू, आणि ते किल्लीचं उदाहरण

"इन्सुलिन म्हणजे किल्ली, ती पेशीचं दार उघडते आणि साखर आत जाते" हे सगळीकडे वाचायला मिळतं आणि मला ते पटत नाही, कारण दार मुळात तिथे नसतंच. स्नायू आणि चरबीच्या पेशीत ग्लुकोज आत घेणारी ग्लुट४ नावाची प्रथिनं एरवी पेशीच्या आत पिशव्यांवर ठेवलेली असतात. इन्सुलिन पटलावरच्या रिसेप्टरला बाहेरूनच चिकटतं, आत एकामागून एक प्रथिनांना निरोप जातो आणि त्या पिशव्या पटलावर येऊन जोडल्या जातात, तेव्हा कुठे दार बसवलं जातं. टाइप २ मधल्या इन्सुलिन रेझिस्टन्समधे हा आतला निरोप धड पोचत नाही, रिसेप्टर बाहेर आहे, इन्सुलिन भरपूर आहे, पण पिशव्या पुरेशा वर येत नाहीत. आणि गंमत म्हणजे स्नायू आकुंचन पावला की ग्लुट४ इन्सुलिनशिवाय, वेगळ्याच रस्त्याने वर येतं. जेवणानंतर शतपावली सांगणाऱ्या आजीला ग्लुट४ माहीत नव्हतं, पण जेवल्यावर चाललं की शुगर खरंच उतरते, ग्लुकोमीटर असेल तर मोजून बघा.

आता ती रिकामी चकती. लाल रक्तपेशीला ग्लुकोज आत घ्यायला इन्सुलिन लागत नाही, रक्तात जितकं तितकं आत, आणि ते हिमोग्लोबिनला एन्झाइमशिवायच चिकटतं. पेशी साधारण १२० दिवस जगते, म्हणून किती हिमोग्लोबिनला साखर चिकटलीये हे मोजलं की मागच्या दोन-तीन महिन्यांचा हिशोब मिळतो, तेच एचबीए१सी, ६.५ टक्के किंवा वर म्हणजे मधुमेह. टेस्टच्या आदल्या दोन दिवसांत गोड सोडून ती फसत नाही ती यामुळे. पण पेशीच लवकर मरत असतील तर ती फसते. विदर्भात आणि नंदुरबारकडे सिकलसेल बराच आहे, तिथे एचबीए१सी खोटाच कमी येऊ शकतो आणि डॉक्टरांना दुसऱ्या टेस्टकडे बघावं लागतं. लोह कमी असलेल्या अ‍ॅनिमियात उलट तो थोडा जास्त दाखवतो.

मेटफॉर्मिनसाठी यकृताची एक पेशी कोपऱ्यात काढा, ही गोळी यकृताचं नवीन साखर बनवणं कमी करते, आणि मायटोकॉन्ड्रियावर तिचा परिणाम होतो हे एक मोठं कारण मानतात. वर्षानुवर्षं घेणाऱ्यांचं बी१२ कमी होऊ शकतं, मधूनमधून तपासून घ्या. डापाग्लिफ्लोझिन ही शुगरचीच आणखी एक गोळी किडनीच्या नळीतल्या पेशीवर, गाळलेली साखर परत घेणारं प्रथिन ते अडवतं आणि साखर लघवीतून जाते, म्हणून तिथल्या बुरशीच्या इन्फेक्शनचा त्रास काहींना होतो. बुरशीच्या पेशीला केंद्रक असतं, तिचे रायबोझोमही ८०एस, म्हणून त्यावर अँटिबायोटिक नाही, वेगळं औषध.

दोन्ही बाजू जिथे भेटतात

चार्टच्या डाव्या आणि उजव्या बाजूला जोडणाऱ्या रेघा आता मारायच्या आहेत, आणि इथेच खरी मजा आहे.

पहिली रेघ, सल्फापासून ग्लिमेपिराइडपर्यंत. १९४२ मधे फ्रान्समधल्या माँपेलिए शहरात मार्सेल जानबाँ हे डॉक्टर टायफॉइडच्या पेशंटना एक नवीन सल्फा औषध देत होते, आणि काही पेशंटची शुगर धोकादायक इतकी खाली गेली, काही दगावले. त्यांचे सहकारी ऑगस्त लुबातिएर यांनी कुत्र्यांवर प्रयोग करून दाखवलं की स्वादुपिंड काढून टाकलं तर हा परिणाम होत नाही, म्हणजे औषध स्वादुपिंडाकडूनच इन्सुलिन सोडवून घेतंय. त्यातूनच पुढे शुगरच्या या गोळ्यांचं अख्खं घराणं आलं. बॅक्टेरिया मारायला निघालेलं औषध बीटा पेशीच्या चॅनलवर जाऊन बसलं होतं.

दुसरी रेघ, सिप्रोच्या खात्यापासून त्याच चॅनलपर्यंत. या घराण्यातली काही औषधं बीटा पेशीचं पोटॅशियम चॅनल थोडंफार बंद करतात असं प्रयोगांत दिसलंय. त्यातल्या गॅटिफ्लॉक्सासिनने शुगर इतकी वर-खाली व्हायची की भारतात २०११ मधे त्याच्या गोळ्या-इंजेक्शनांवर बंदी आली, डोळ्यांचे थेंब मात्र चालू राहिले. लिव्होफ्लॉक्सासिन, सिप्रो अजून सर्रास वापरात आहेत, आणि ग्लिमेपिराइड घेणाऱ्या वयस्कर माणसाला ती दिली तर शुगर लो व्हायचा धोका वाढतो. म्हणून लघवीच्या इन्फेक्शनला नवीन डॉक्टरकडे गेलात तर शुगरची पाकिटं बरोबर न्या, "एक पांढरी छोटी गोळी आहे" असं सांगून कुणाला काही कळत नाही.

तिसरी रेघ त्या लाल प्लाझमिडपासून इन्सुलिनच्या बाटलीपर्यंत. १९२२ च्या जानेवारीत टोरंटोत १४ वर्षांच्या लेनर्ड थॉम्सनला पहिल्यांदा इन्सुलिन टोचलं ते जनावरांच्या स्वादुपिंडातून काढलेलं होतं, आणि पुढची साठेक वर्षं तसंच चाललं. १९७८ मधे अमेरिकेत माणसाच्या इन्सुलिनचा जीन प्लाझमिडवर बसवून ई. कोलायमधे घातला, १९८२ मधे ते औषध म्हणून मंजूर झालं. आता हजारो बॅक्टेरियांपैकी प्लाझमिड कुणाच्या आत गेलं हे ओळखायचं कसं? त्याच प्लाझमिडवर अँटिबायोटिक रेझिस्टन्सचा जीन ठेवायचा आणि वाढवायच्या माध्यमात ते अँटिबायोटिक टाकायचं, जगले ते आपले. बारावीच्या पुस्तकातलं सिलेक्टेबल मार्कर म्हणजे हेच. आणि ई. कोलायला आंतर्द्रव्यजालिका नाही, गॉल्जी नाही, मग साखळीची घडी आणि टाके कोण घालणार? म्हणून तेव्हा दोन्ही साखळ्या वेगवेगळ्या बॅक्टेरियात बनवून बाहेर जोडल्या होत्या. आज बऱ्याच कंपन्या यीस्ट वापरतात, बंगळुरूची बायोकॉन पिकिया नावाचं यीस्ट वापरते, कारण यीस्टला केंद्रक आहे आणि घडी घालायची ती सगळी सोयही आहे. गॉल्जीचं महत्त्व यापेक्षा बरं कुठल्या प्रश्नात येईल मला माहीत नाही.

एक छोटी रेघ डोरोथी हॉजकिन यांच्यासाठी, पेनिसिलिनची रचना त्यांनी १९४५ मधे क्ष-किरणांनी उलगडली आणि इन्सुलिनची १९६९ मधे, एकाच बाईंनी दोन्ही.

आणि शेवटची रेघ रोजच्या कामाची. शुगर खूप वाढलेली असेल तर बॅक्टेरिया गिळणाऱ्या न्यूट्रोफिल पेशी मंदावतात, वर पायाच्या बारीक रक्तवाहिन्या आणि नसा खराब झालेल्या असतील तर जखम कळतही नाही आणि अँटिबायोटिक तिथपर्यंत रक्तातून पोचतही नाही. दुसरीकडून इन्फेक्शन झालं की कॉर्टिसोल, अ‍ॅड्रिनलिन वाढतात, यकृत साखर सोडतं, म्हणून ताप असताना नीट पथ्य पाळूनही शुगर चढते. ताप-उलट्यांत जेवण जात नसेल तर कुठली गोळी थांबवायची आणि इन्सुलिनचं काय करायचं हे डॉक्टरांना आधीच विचारून डब्याच्या झाकणाला चिकटवून ठेवा.

स्वतःची परीक्षा

पाकिटं सगळी गोळा करा, चार्टवरची नावं कागदाने झाका आणि एकेक पाकीट परत जागेवर ठेवा. मग हे सोडवा. पेनिसिलिन दिल्यावर लाल रक्तपेशी का फुटत नाही? बीटा पेशीचे मायटोकॉन्ड्रिया बिघडले तर इन्सुलिन बनूनही का सुटत नाही? टाइप १ च्या पेशंटला ग्लिमेपिराइड देऊन काय होईल? (काही नाही, चॅनल ज्या पेशीवर होतं ती पेशीच उरलेली नाही.) एखाद्याला ग्लिमेपिराइड चालू आहे आणि को-ट्रायमोक्साझोल लिहिलं, तर फोन करून विचारावं का? हो, विचारावं, ते यकृतात ग्लिमेपिराइड मोडणाऱ्या एन्झाइमला अडवतं, गोळी रक्तात जास्त वेळ राहते आणि शुगर लो होऊ शकते. ही रेघ चार्टवर यकृताच्या पेशीतून काढा, मेटफॉर्मिनच्या शेजारून.